वेलांटीबाईंनी काढलेली नक्कल

छापखान्यात त्यांना वेलांटीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. तोंडावर नुसतं 'बाई'. पंचवीस वर्षं त्या तिथे मुद्रितं तपासत होत्या. छपाईचे शिशाचे खिळे गेले, संगणक आले, म्हातारे मालक जाऊन त्यांचा मुलगा खुर्चीत बसला, पण खिडकीखालचं ते टेबल, लाल पेन आणि बाईंच्या कपाळावरची आठी आपापल्या जागी राहिली. एकदा एका कंपनीचा वार्षिक अहवाल छपाईला आला होता. अध्यक्षांच्या दोन पानी निवेदनात बाईंनी सत्तेचाळीस चुका काढल्या. अध्यक्षांनी स्वतः फोन करून विचारलं, कोण ही बाई? बाईंनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "सत्तेचाळीस व्याकरणाच्या आहेत. मजकुराच्या मी मोजल्या नाहीत."

माणसांकडेही त्या मुद्रिताकडे बघावं तशाच बघत. समोरचा बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्याला त्यांना कळायचं, की हा गृहस्थ भरताड आहे, आणि मग उरलेला वेळ त्या त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत काढायच्या. असं सगळ्या जगाला पाण्यात बघणारी ही बाई फक्त एका घरात मान खाली घालून वावरायची. ते घर त्यांच्या दादाचं.

दादा पाणीपुरवठा खात्यात पर्यवेक्षक होता, आता निवृत्त. आयुष्यभर त्याने दोनच शब्दांवर नोकरी केली: "मी बघतो." नळाला पाणी नाही? मी बघतो. छत गळतंय? मी बघतो. बघायचा तो खरंच. बघण्यापलीकडे काही करायचा नाही. सव्वीस वर्षांपूर्वी बाई नवऱ्याचं घर सोडून एका पिशवीनिशी त्याच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हाही तो हेच म्हणाला. वकील त्याने बघितला. कोर्टाच्या तारखा त्याने बघितल्या. बाईंना एकदाच नेलं, त्यांचा जबाब झाला तेव्हा. पुढे म्हणाला, "तू येऊ नकोस, लोक बघतात." निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, बूट काढले, आणि आईसमोर, वहिनीसमोर म्हणाला, "सुटलीस एकदाची. पण न्यायाधीशांनी दोष तुझ्यावरच ठेवलाय. कुणाला दाखवण्यासारखा कागद नाही तो. माझ्याकडे राहू दे." कागद लोखंडी कपाटात गेला. कपाटाची किल्ली दादाच्या जानव्याला नव्हती एवढंच, बाकी जीवापाड जपलेली.

तेव्हापासून मधल्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये, बाईंची खाट. दादाची दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली आणि पंख फुटल्यावर उडून गेली. आईचं शेवटचं आजारपण त्यांनी काढलं. पहाटे उठून स्वयंपाक, मग छापखाना, मग परत स्वयंपाक. कुणी काही म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती. ज्या बाईला कोर्टाने दोषी ठरवलंय तिला भावाने ठेवून घेतलंय, यातच सगळं आलं.

तर अशा बाई त्रेपन्नाव्या वर्षी लग्न करायला निघाल्या, आणि तेही एका चष्मेवाल्याशी.

चष्मेवाल्याचं दुकान छापखान्यासमोर. बायको जाऊन सात वर्षं झालेली. बाई दर दोन वर्षांनी नंबर तपासायला जात. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की वाक्य पुरं करायचा नाही. "म्हणजे मला असं वाटत होतं, की जर तुमची काही..." असं म्हणून तो चार महिने थांबत होता. शेवटी बाईच म्हणाल्या, "हरकत. शब्द हरकत आहे. माझी हरकत नाही." त्याने घाईने चष्मा पुसायला घेतला. तो बाईंचा होता आणि बाईंच्या नाकावर होता.

विवाह नोंदणीच्या कचेरीत दोघं गेले. तिथल्या कारकुनाने चष्मेवाल्याकडून बायकोच्या मृत्यूचा दाखला घेतला आणि बाईंकडे बोट केलं. "घटस्फोटित? मग हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल. झेरॉक्स नको. शिक्का असलेली नक्कल."

बाईंनी घरी येऊन दादाकडे कागद मागितला. दादा पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली घेतला नाही.

"कशाला हवाय?"

"लग्न करतेय."

आता पेपर खाली आला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दादाने पेपरची घडी घातली. मग दादा म्हणाला, "मी बघतो."

आठ दिवसांनी त्याने सांगितलं, की कागद वाळवीने खाल्ला.

"लोखंडी कपाटात?" बाईंनी विचारलं.

"वाळवीला काय कळतंय," दादा म्हणाला. "आणि या वयात लोक हसतील, त्याचाही विचार कर. घरात काय कमी आहे तुला?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या घरात पहिल्यांदाच त्यांची नजर त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीवर गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि कोर्टात गेल्या. नवी इमारत, तिसरा मजला, नक्कल विभाग, खिडकी क्रमांक चार. खिडकीशेजारी फलक होता: 'अर्जदारानी शांतता राखवी'. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, 'रा'वर अनुस्वार दिला, 'ख'ला काना जोडला आणि रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीमागचा कारकून काडीने कान कोरत होता. ते काम संपेपर्यंत रांग थांबली होती, आणि रांगेतल्या कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. बाईंना कारकुनापेक्षा रांगेचाच जास्त तिटकारा आला.

"साल?" कारकुनाने विचारलं.

बाईंनी सांगितलं.

"एवढं जुनं संगणकात नाही. दावा क्रमांक?"

"तो शोधायलाच आले आहे."

"क्रमांकाशिवाय शोधता येत नाही."

"आणि क्रमांक कुठे मिळतो?"

"फाइलवर असतो."

बाईंनी हे वाक्य मनात दोनदा वाचलं. व्याकरणाची चूक नव्हती.

जिन्यात एक गृहस्थ बसलेला असायचा, मांडीवर कागदांची पिशवी, कानावर पेन. त्याने बाईंचा चेहरा वाचला. "जन्म, मृत्यू, लग्न, घटस्फोट, काय पाहिजे ते काढून देतो, बाई. साहेबांशी आपलं घरचं आहे."

"मृत्यूसुद्धा काढून देता?"

"दाखला, बाई, दाखला."

त्याने लगेच नमुन्याचा अर्ज पुढे केला. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, त्यातल्या अकरा चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला. तो बिचारा त्या कागदाकडे बघत बसला. पुढे कळलं, की त्याने तोच दुरुस्त अर्ज नमुना म्हणून ठेवला, आणि तेव्हापासून त्याचे अर्ज कमी परत यायला लागले. फुकटची उपकारकर्ती व्हायची बाईंची इच्छा नव्हती, पण चूक समोर दिसली की त्यांचा हात थांबत नसे.

घरी येऊन त्यांनी आपला शब्दकोश उघडला. लग्नात नेलेली आणि लग्नातून परत आणलेली ती एकच वस्तू होती. त्यात खूण म्हणून एक चिटोरं होतं: जबाबाच्या तारखेसाठी कोर्टातून दिलेलं, हाताने लिहिलेलं. दावा क्रमांक ४११. तारीख ११, महिना, साल. कागद फेकायचा नाही ही सवय कामाला आली.

चिटोरं घेऊन त्या जुन्या अभिलेखांच्या कचेरीत गेल्या. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होती. भिंतींना अजून ओल, वर पत्रा, आणि मध्ये छपरापर्यंत गेलेल्या कपाटांच्या रांगा. लाल कापडात बांधलेली दप्तरं, कुठे कापड सुटून कागद लोंबत होते. टेबलापाशी एक अभिलेखपाल बसला होता, नाकातोंडाला धुळीसाठी रुमाल बांधलेला. त्याने नोंदवही काढली, बोट फिरवलं आणि सांगितलं, "चारशे अकरा. हद्दीचा वाद. कुंपण आणि विहीर."

"माझं कुंपणही नाही आणि विहीरही नाही."

"मग तुमचा दावा झालाच नसेल," अभिलेखपाल म्हणाला. तो सहज म्हणाला, जेवलात का विचारावं तसा.

बाई तीन वेळा त्या दोन कचेऱ्यांमध्ये फिरल्या. खिडकी क्रमांक चार म्हणायची, जुन्या कचेरीतून 'आढळत नाही' असं लेखी आणा. जुनी कचेरी म्हणायची, खिडकीकडून 'शोध घ्यावा' असं लेखी आणा. खिडकीने सुचवलं, वकिलाकडे जा. वकील मरून बारा वर्षं झाली होती आणि त्याच्या मुलाने बापाच्या फायली रद्दीत घालून तिथे व्यायामशाळा काढली होती. तो मुलगा दंड चोळत म्हणाला, "पप्पांचं सगळं जुनं होतं." बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. त्याने आपोआप टीशर्ट घातला.

चष्मेवाला म्हणाला, "नाहीतर आपण तसंच, म्हणजे कागदाशिवायच, जर लोकांना..."

"तुम्ही लोकांचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "माझ्या लग्नाची दोन वर्षं कुंपण आणि विहीर म्हणून नोंदली गेली आहेत. ते मी तसं छापू देणार नाही."

त्या संध्याकाळी त्या छापखान्यात एकट्याच बसल्या आणि चिटोरं भिंगाखाली धरलं. जबाबाचा दिवस त्यांना पक्का आठवत होता. शनिवार होता. तेव्हा कोर्टं शनिवारी अर्धा दिवस चालायची आणि वकील सारखा घड्याळ बघत होता. छापखाना दरवर्षी दिनदर्शिका काढायचा; प्रत्येक वर्षाची एक प्रत माळ्यावर बांधून ठेवलेली. बाईंनी शिडी लावली आणि त्या सालची प्रत खाली काढली. त्या महिन्याची अकरा तारीख रविवारी होती.

रविवारी कोर्ट भरत नाही. शनिवार होता सतरा तारखेला. म्हणजे ज्याने चिटोरं लिहिलं त्याचा सात हा एकासारखा दिसत होता. तारखेतला शेवटचा आकडा जर सात, तर दाव्यातलाही सातच. हात तोच होता. खिडक्या आणि कचेऱ्या भरून बसलेल्या एकाही पगारी डोक्याला सव्वा महिन्यात जे सुचलं नाही ते एका दिनदर्शिकेने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अभिलेखपालाला त्यांनी चारशे सतरा बघायला सांगितलं.

"अंदाजाने बघत नाही आम्ही."

"अंदाज नाही. अकरा तारखेला रविवार होता." त्यांनी दिनदर्शिका टेबलावर ठेवली, तारखेखाली लाल रेघ मारलेली.

अभिलेखपालाने दिनदर्शिका बघितली, चिटोरं बघितलं, रुमाल खाली ओढला. त्याला दाढी होती हे बाईंना तेव्हा कळलं. "नोंदवहीला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नसतो."

"तुम्ही धरा. मी वाचते."

त्याने वही धरली. चारशे सतरासमोर बाईंचं नाव होतं. आडनाव नवऱ्याचं, आणि त्यात वेलांटी चुकलेली. बाईंनी पेनाकडे नेलेला हात आवरला. त्या कचेरीतला तो त्यांचा सगळ्यात मोठा संयम.

दप्तर काढायला आणखी दोन दिवस, नक्कल तयार व्हायला आणखी सहा. मधल्या काळात घरी दादा रोज विचारायचा, "मिळाला?" आणि बाई नाही म्हणाल्या की त्याचा चेहरा सैल व्हायचा. बाईंना वाटलं, लग्नाला विरोध म्हणून. वहिनींनी एकदा ताटं घेताना हळूच म्हटलं, "वन्सं, कशाला जुनी मढी उकरता? त्यात काय लिहिलंय ते आपल्याला ठाऊकच आहे." बाईंना तेव्हा खरंच वाटत होतं, की आपल्याला ठाऊक आहे.

नक्कल मिळाली ती बुधवारी दुपारी. पंधरा पानं, प्रत्येकावर गोल शिक्का, शेवटी सही. मागे अपील झालं नसल्याचा दाखला जोडलेला. तो बाईंनी आठवणीने मागून घेतला होता, कारण पुढची कचेरी तोच मागणार हे आता त्यांना न सांगता कळत होतं. बाई बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर बसल्या आणि वाचायला लागल्या. आधी त्या चुकाच बघत होत्या. तिसऱ्या पानापर्यंत नऊ सापडल्या. चौथ्या पानावर पेन थांबलं.

न्यायाधीशाने लिहिलं होतं, की पत्नीचं म्हणणं पुराव्याने शाबित झालं आहे. पती रोज सकाळी कामावर जाताना घराला बाहेरून कुलूप लावत असे. दोन वर्षं. पत्नीच्या वर्तनावर पतीने घेतलेले सर्व आक्षेप निराधार आणि हीन हेतूचे आहेत. दोष संपूर्णपणे पतीचा आहे. पत्नीने हे दोन वर्षं सहन केलं याचंच आश्चर्य वाटतं, असंही एक वाक्य होतं. न्यायाधीशाला ते लिहायची काही गरज नव्हती, पण त्याने लिहिलं होतं.

पुढच्या पानावर साक्षीदार. पत्नीच्या बाजूने एकच साक्षीदार आली: तळमजल्यावरची इस्त्रीवाली. तिचा जबाब जसाच्या तसा उतरवलेला होता. 'बाईला कोंडून साहेब जायचे. मी काठीला डबा बांधून खिडकीतून वर द्यायची. मी खोटं बोलत नाही. खोटं बोलून मला काय मिळणार, उलट आजची इस्त्री बुडाली.' खाली अंगठा. डबा वर यायचा हे बाईंना आठवत होतं, काठीसकट. ती बाई कोर्टात उभी राहिली होती हे त्यांना आज कळलं.

आणि त्याखाली एक ओळ: 'अर्जदाराच्या सख्ख्या भावास साक्षीसाठी तीन वेळा पुकारले असता ते उपस्थित राहिले नाहीत.'

बाईंनी ती ओळ परत एकदा वाचली. दादाची चीड यायला हवी होती, पण आधी चीड आली ती स्वतःची. जगाचं प्रत्येक मुद्रित तीन-तीनदा वाचणाऱ्या या बाईने स्वतःचा कागद सव्वीस वर्षांत एकदाही मागितला नव्हता. दादाने सांगितलं आणि यांनी मानलं. एखाद्या पोरीने कामावर असं केलं असतं, मूळ प्रत न बघता तोंडी ऐकून सही केली असती, तर बाईंनी तिला उभी करून सोलली असती.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी नक्कल दादासमोर ठेवली.

"वाच."

"चष्मा आत आहे."

"मी वाचते." आणि त्यांनी वाचलं. चौथं पान, पाचवं पान, ती ओळ. छापखान्यात मूळ प्रतीशी ताडून बघताना वाचतात तसं, एका सुरात, विरामचिन्हांसकट. 'राहिले नाहीत पूर्णविराम.'

दादाने कप खाली ठेवला. "तुझ्या भल्यासाठीच होतं ते. तेव्हा तू तापट होतीस. दोष तुझा नाही असं कळलं असतं तर निघून गेली असतीस एकटी कुठेतरी."

"हो. गेले असते."

"मग? आईला कोण बघणार होतं? मुलं लहान होती." तो हे बोलला आणि आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी राहायला जागा दिली तुला. ते विसरू नकोस."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. टाळूवरचे विरळ केस, बनियनच्या गळ्याची लोंबलेली पट्टी, चहात बुडवून मऊ झालेलं बिस्किट. या माणसाला त्या सव्वीस वर्षं मोठा समजत आल्या होत्या. नवरा निदान स्वतःच्या हाताने कुलूप लावायचा. यानं तेवढाही त्रास घेतला नव्हता. एक वाक्य बोलला आणि बाई आपणहून आत बसल्या.

"जागा," त्या म्हणाल्या. "कपाट आणि भिंत यांच्यामधली."

वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे ना वन्सं आता, इतक्या वर्षांनी काय मिळणार. बरं, उद्या गॅसवाला यायचाय, तुम्ही घरी आहात ना?"

बाई घरी नव्हत्या. त्यांनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि छापखान्यात कामाला असलेल्या एका मैत्रिणीकडे गेल्या. दादा दारापर्यंत आला. "अगं, मी बघतो काहीतरी," म्हणाला. बाई जिना उतरून गेल्या होत्या.

रविवारी त्यांनी जुना रस्ता शोधला. इमारत पडून तिथे वाहनतळ झाला होता, पण दोन गल्ल्या पुढे इस्त्रीचं दुकान सापडलं. लेक विजेची इस्त्री चालवत होती आणि म्हातारी स्टुलावर बसून घड्या घालत होती. बाई समोर उभ्या राहिल्या.

"ओळखलंत मला?"

म्हातारीने डोळे बारीक केले. "कुलूपवाली," ती म्हणाली.

"तुम्ही साक्ष दिलीत ते मला परवा कळलं."

"परवा?" म्हातारीने घडी पुरी केली. "टपाल फार हळू चालतं गं तुझ्याकडचं."

 म्हातारीने दुसरा कपडा घेतला. ती सांगत राहिली. "तुझा भाऊ होता की तिथे. बाहेर बाकावर बसला होता माझ्याशेजारी. पुकारा झाला आणि हा उठला पाणी प्यायला. मी म्हटलं, अहो, नाव घेतायत तुमचं. तर म्हणतो, मी बघतो. मी म्हटलं, बघ बाबा. आणि गेले आत. आत तो काळ्या डगल्यावाला मला विचारतो, तुला किती दिले. मी म्हटलं, तुझे कपडे कोण इस्त्री करतं, कॉलर बघ आधी." ती खोकत हसली. लेकही हसली, ही गोष्ट तिने शंभरदा ऐकलेली असणार.

बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "परत साक्षीला याल?"

"आता कुणाविरुद्ध?"

"लग्नाला. माझ्या."

म्हातारीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "या वयात? बाहेरून कुलूप लावणारा नाही ना?"

"त्याला वाक्य लावता येत नाही, कुलूप कुठलं."

"गुरुवार सोडून कधीही कर. गुरुवारी दवाखान्याच्या चादरी असतात."

तारीख नेमकी गुरुवारचीच मिळाली. म्हातारी आली नाही. तिने लेकीला पाठवलं, आणि बरोबर बाईंनी इस्त्रीला दिलेल्या साडीची घडी अशी करून पाठवली, की ती मोडायला बाईंच्या जिवावर आलं. दुसरी साक्षीदार म्हणून छापखान्यातली ती मैत्रीण, तिसरा चष्मेवाल्याच्या शेजारचा दुकानदार. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने नक्कल हातात घेतली, शिक्का बघितला, शेवटचं पान उलटून सही बघितली आणि पिनेने टोचून फायलीत टाकली. सहा आठवडे, दोन कचेऱ्या, एक बर्फाचा कारखाना, आणि त्याने एक ओळसुद्धा वाचली नाही. बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने चष्मेवाला जरा घाबरला. सही करताना तो म्हणाला, "मला फार, म्हणजे आज खरोखरच..." बाईंनी ते तसंच अर्धं राहू दिलं.

दादा आला नाही. त्याने वहिनीकरवी निरोप धाडला, की झालं गेलं विसरून जा, आणि नळाच्या बिलावर अजून तुझं नाव आहे ते येऊन बदल. बाईंनी उत्तर पाठवलं नाही. पुढे एकदा तो बाजारात दिसला. हातात पिशव्या घेऊन दुकानदाराशी वाद घालत होता. घरातलं सामान आता त्यालाच आणावं लागत होतं. बाई रस्ता न बदलता त्याच्या शेजारून गेल्या. 

आता त्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात आणि अजून छापखान्यात जातात. नोंदवह्या कशा बघायच्या हे त्यांना कळतं, हे हळूहळू सगळीकडे पसरलं. बायका येतात. बाई त्यांचं गोडपणाने वगैरे काही करत नाहीत. अर्ज फाडून परत लिहायला लावतात, तारखा विचारून हैराण करतात, आणि खिडकी क्रमांक चारचा कारकून त्यांना जिन्यात पाहिलं की काडी खिशात घालतो.

परवा बांधणी विभागातली एक पोरगी आली. दुसरं लग्न ठरलं होतं, हुकूमनामा हवा होता.

"आधीचा कागद वाचला आहेस का?" बाईंनी विचारलं.

"नाही. भावाने वाचलाय. तो म्हणाला, त्यात काही बघण्यासारखं नाही."

"मग भावालाच लग्न करू दे," बाई म्हणाल्या आणि तिच्यासाठी कोरा अर्ज काढला.